शंभर वॉटचा बल्ब आणि ३८ ओहम

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला तेव्हा ओहमचा नियम मला तोंडपाठ होता. मराठी माध्यमाचा विद्यार्थी, त्यामुळे डोक्यात विभवांतर, विद्युतधारा, विद्युतरोध. वर्कशॉपमध्ये मात्र सगळे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स म्हणायचे. शब्दांची गाठ आठवड्याभरात सुटली. आकड्यांची सुटायला दोन वर्षं लागली.

पहिल्याच महिन्यात सरांनी हातात १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब दिला आणि रेझिस्टन्स काढायला सांगितला. मी कागदावर काढला. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. १०० भागिले २३०, म्हणजे करंट ०.४३ अँपिअर. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, ५२९ ओहम. मग मल्टिमीटर लावला, तर आकडा ३८. मीटर खराब आहे असं मी बेधडक सांगून टाकलं. सर हसले नाहीत. बल्बच्या सिरीजमध्ये अ‍ॅमीटर जोडून त्यांनी बटण दाबलं. काटा ०.४३ च्या जवळ. गणित बरोबर होतं आणि मीटरही बरोबर होता. टंगस्टनची तार थंड असताना ३८ ओहमची असते, पांढरीफटक तापल्यावर पाचशेच्या पुढे जाते. बटण दाबल्याच्या क्षणी करंट ०.४३ नसतो, सहा अँपिअरच्या घरात असतो. असे बल्ब बहुधा लावतानाच का उडतात, ते त्या दिवशी कळलं.

म्हणून नवीन मुलांना मी आधी हेच विचारतो की आकडा कुठल्या अवस्थेतला घेतलास? सूत्र चुकणारा मुलगा मी क्वचितच पाहिला. चुकीच्या वेळचा आकडा सूत्रात घालणारे बरेच पाहिले, त्यात मीही आलो.

गिझर आणि इस्त्री याबाबतीत सरळ स्वभावाची. त्यांच्या कॉइलमध्ये नायक्रोम (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू) असतं, तापल्यावरही त्याचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही. इथे दुकानातली एक युक्ती कामाला येते. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला वॉटने भागा की रेझिस्टन्स. हजार वॉटची इस्त्री ५३ ओहम, दोन हजारांचा गिझर साधारण २६. सप्लाय बंद करून, दोन्ही वायरी सोडवून मोजलं आणि २६ च्या आसपास आलं तर एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारा भाग, शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली. मग मीटरचं एक टोक एलिमेंटला आणि दुसरं गिझरच्या बॉडीला लावून बघायचं. तिथे मीटरने कसलाही आकडा दाखवला तर एलिमेंट फेकायचं, वाद घालायचा नाही.

व्होल्टेज १८० वर आलं की हाच गिझर २,००० ऐवजी १,२२५ वॉट देतो, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. करंटही ८.७ वरून ६.८ वर येतो. 'व्होल्टेज पडलं की करंट वाढतो' हे वाक्य तुम्ही गावाकडे ऐकलं असेल. ते खोटं नाही, पण ते विहिरीवरच्या पंपाचं आहे. मोटरला पाणी ओढायचंच असतं, म्हणून व्होल्टेज कमी पडलं की ती जास्त करंट खेचते आणि वायंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळतं.

मोटरच्या वायंडिंगवर मीटर लावून करंट काढायला तर कधीच जाऊ नका. एका हॉर्सपॉवरच्या पंपाला मला तीन ओहमच्या आसपास मिळाले होते. २३० भागिले ३ म्हणजे ७७ अँपिअर! प्रत्यक्षात टाँग टेस्टरवर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) त्याच्या दहाव्या भागाएवढाही नव्हता. एसीवर कॉइलचा स्वतःचा विरोध असतो, तो साध्या मीटरला दिसत नाही. आणि टाँग टेस्टरच्या करंटला २३० ने गुणलं तरी खरे वॉट येत नाहीत, पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे त्या गुणाकाराचा काही भागच खऱ्या कामाला लागतो. तिथे नेमप्लेट वाचा.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलं ते करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. परीक्षेत याच्यावर एखादं गणित येतं, साइटवर मात्र अर्ध्या तक्रारी त्याच्याच. गिझरच्या प्लगमध्ये स्क्रू ढिला राहिला आणि तिथे फक्त अर्धा ओहम तयार झाला असं धरा. ८.७ चा वर्ग ७६, त्याच्या निम्मे म्हणजे जवळपास ३८ वॉट. एवढ्या वॉटच्या सोल्डरिंग आयर्नवर आपण कथील वितळवतो. ती तुमच्या प्लगच्या आत, रोज सकाळी आंघोळीच्या वेळी चालू. एमसीबीला, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणाला, हे कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. सॉकेट काळं पडलं की नवं सॉकेट बसवतात आणि स्क्रू पुन्हा ढिलाच ठेवतात.

अ‍ॅप्रेंटिस असताना मी एक मोठी चूक केली. करंट मोजून झाल्यावर मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली, आणि तशीच मी फेज-न्यूट्रलला लावली, व्होल्टेज बघायला. त्या भोकात मीटरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो. २३० ला जवळजवळ शून्याने भागलं तर काय येईल, ते उत्तर मला कागदाऐवजी डोळ्यांसमोर मिळालं. फ्यूज उडाला, प्रोबचं टोक वितळलं, हात वाचला. आमच्या मिस्त्रींनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.

माझ्या मीटरच्या त्या भोकावर आजही काळी टेप चिकटवलेली असते. करंट मोजायचा झाला की नखाने काढतो, झालं की परत लावतो.