थंडीतल्या घरातल्या कुंड्या : पान उलटून बघा

थंडी पडली की बाहेरच्या कुंड्या आत येतात, खिडक्या बंद होतात आणि घरातली हवा कोरडी पडते. झाडाची वाढ या दिवसांत मंदावते, किडीची मंदावेलच असं नाही. बाहेर पाऊस, वारा आणि मित्रकीटक जे काम फुकटात करत होते, ते आत करायला कोणी नसतं. म्हणून आठवड्यातून एकदा, पाणी घालण्याआधी, प्रत्येक कुंडी उजेडात घेऊन नीट तपासा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाईलचा टॉर्च आणि पांढरा कोरा कागद एवढं साहित्य पुरे.

नुसतं वरून बघून काही कळत नाही. पान उलटा. मागची मधली शीर, देठ आणि खोड यांच्यामधलं बेचकं, अजून न उलगडलेला शेंडा आणि शेवटी कुंडीची कड व तळाचं भोक, या क्रमाने नजर फिरवा.

कोरड्या हवेत सर्वांत आधी संशय घ्यावा तो लाल कोळीचा. हा जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे कोळीआधी त्याचं काम दिसतं : पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके. लांबून पान नुसतं धुळकट वाटतं, आणि आपण फडकं मारून पुढे जातो. तसं न करता पानाखाली कागद धरा आणि पानाला दोन-तीन टिचक्या मारा. धूळ पडली तर पडल्या जागी राहते. ठिपका चालू लागला तर कोळी समजा. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर प्रादुर्भाव बराच पुढे गेलेला असतो, कारण उबदार, कोरड्या जागी अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कोळी आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. घरात पडून असलेलं कुठलंही कीटकनाशक त्यावर मारू नका; काही औषधांनी त्याला खाणारे जीव मरतात आणि कोळी उलट वाढतो. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा मारा. निम्मं काम तिथेच होतं.

पानं किंवा कुंडीखालची फरशी हाताला चिकट लागली तर मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी यांपैकी कोणीतरी रस शोषतंय. कुंडीवर मुंग्यांची ये-जा वाढली तरी हेच समजा. चिकट थरावर पुढे काळी बुरशी येते. ती ओल्या फडक्याने पुसली जाते, पण कीड राहिली तर परत येते. होयाची वेल आणि काही ऑर्किड मात्र स्वतःच गोड थेंब सोडतात, तेव्हा कीड डोळ्यांनी दिसल्याशिवाय औषध काढू नका.

पिठ्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. 70 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी त्यावर टेकवा, आणि मुळांतही बघा, कारण त्याची एक जात मातीत राहते. खवले कीड हलत नाही, म्हणून ती खोडाचीच गाठ वाटते. नखाने उचकटून बघा : खवला सुटून आला तर कीड. नेच्याच्या (फर्नच्या) बाबतीत सांभाळा. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांना खवले समजून मी एकदा अख्खी संध्याकाळ खरवडत बसलो होतो. ते त्याचे बीजाणू होते! ठिपके शिरांच्या दोन्ही बाजूंना आखल्यासारखे सारख्या अंतरावर असतील तर हात लावू नका.

पानावर चंदेरी चट्टे आणि त्यांत काळे बारीक कण दिसले तर फुलकिडे (थ्रिप्स) समजा. मातीवरून चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती वाळू द्या आणि एक पिवळा चिकट सापळा खोचा.

माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर आणखी पाणी घालू नका. झाड कुंडीतून अलगद काढा. निरोगी मुळं फिकट आणि घट्ट असतात. मूळकुजीत ती तपकिरी, लिबलिबीत होतात, ओढली तर साल हातात येते आणि कुबट वास सुटतो. अशी मुळं कापून मातीच्या नव्या कोरड्या मिश्रणात झाड लावा. थंडीत मरणारी बरीच झाडं किडीने नाही, पाण्याने मरतात, असं माझं मत आहे.

फवारायचंच असेल तर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण घुसळून घ्या. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस वाट बघा. उन्हात फवारू नका. अंडी यातून वाचतात, म्हणून 5 ते 7 दिवसांच्या अंतराने तीनदा मारा. एकदाच मारून थांबलात तर पुढची पिढी तयारच असते.

कीड सापडलेली कुंडी लगेच बाजूला काढा आणि तिच्या दोन्ही शेजारच्या कुंड्याही तपासा. नवं झाड आणलं तर तेही तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. खोडापर्यंत खवले भरलेलं झाड वाचवत बसण्यापेक्षा पिशवीत बांधून टाकून द्या, आणि त्याची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.