हिवाळ्यात दोघांनी सिॲटलला जाताय? या चुका टाळा

हिवाळ्यात वीकेंडला अमेरिकेतल्या सिॲटलला जातोय म्हटलं की जो तो पावसाची भीती घालतो. आम्हीही पहिल्यांदा गेलो ते छत्र्या, रेनकोट, प्लॅस्टिकच्या पिशव्या असा सगळा जामानिमा घेऊन. डिसेंबरातला शनिवार होता. दुपारी साडेचारला रस्त्यावरचे दिवे लागले, मिट्ट अंधार झाला, आणि ठरवलेल्यातलं निम्मं राहून गेलं. पावसाची तयारी पुरेशी होती, उजेडाचा हिशेब मात्र आम्ही केलाच नव्हता. त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा हिवाळ्यातच, आणि दोन्ही फेऱ्या सुरेख झाल्या. पावसाची कृपा नव्हती, तो पडतच होता. फरक पडला तो आखणीत.

चूक पहिली: उजेड न मोजणं

सिॲटल साधारण ४७.६ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य सकाळी ७.५५ च्या सुमारास उगवतो आणि दुपारी ४.२० ला मावळतो. म्हणजे जेमतेम साडेआठ तासांचा दिवस, त्यातही वर ढग. सुट्टी आहे म्हणून दहापर्यंत झोपलात आणि निवांत नाश्ता केलात, तर बाहेर पडेपर्यंत साडेअकरा वाजतात. उरतात पाच तास.

यावर उपाय साधा आहे. जे उघड्यावर आहे ते सकाळी, छपराखालचं सगळं चारनंतर. पाइक प्लेस मार्केट सकाळी नऊच्या आसपास गाठा. १९०७ पासूनचा हा बाजार संध्याकाळी लवकर आवरायला लागतो, आणि फुलांचे गुच्छ नि मासळीचे ठेले सकाळीच बघण्यासारखे असतात. तिथल्या स्टारबक्सच्या ‘पहिल्या’ दुकानापुढच्या रांगेत भिजत तासभर उभं राहू नका. १९७१ चं मूळ दुकान जवळच वेस्टर्न अव्हेन्यूवर होतं, १९७६ मध्ये ते सध्याच्या जागी आलं.

उलट, स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेलं काचशिल्पांचं चिहुली गार्डन अँड ग्लास खुशाल अंधार पडल्यावर बघा. बागेतल्या काचेच्या आकृतींवर दिवे सोडलेले असतात, ओल्या पानांमध्ये त्या दिवसापेक्षा जास्त उठून दिसतात. रेम कूलहास यांच्या आराखड्यातून २००४ मध्ये उभं राहिलेलं मध्यवर्ती ग्रंथालयही असंच पावसाळी दुपारचं ठिकाण आहे. तिकीट नाही, आणि दहाव्या मजल्यावरच्या वाचनकक्षात तिरक्या काचांवर पाऊस वाजत असतो. आम्ही तिथे तास-दीड तास काही न बोलता बसलो होतो. दोघांच्या सहलीत असा एखादा तास मुद्दाम राखून ठेवायला हवा.

चूक दुसरी: ‘८० टक्के पाऊस’ वाचून बेत रद्द करणं

सिॲटलचा वर्षाचा पाऊस साधारण ९५० ते १००० मिलिमीटर, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण तो नोव्हेंबर ते जानेवारीत सतत, बारीक भुरभुरत राहतो. अमेरिकी हवामान खात्याच्या अंदाजातली टक्केवारी म्हणजे त्या वेळात त्या जागी किमान ०.०१ इंच, म्हणजे पाव मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता. किती पडेल हे ती सांगतच नाही. ८० टक्क्यांच्या दिवशी नुसती भुरभुर असू शकते, आणि त्यात समुद्राकाठी मस्त फिरता येतं. म्हणून दर तासाचा अंदाज उघडा, पावसाचं प्रमाण बघा आणि वाऱ्याचा वेग बघा.

घाबरायचं असेल तर ‘ॲटमॉस्फेरिक रिव्हर’ या शब्दांना घाबरा. प्रशांत महासागरावरून बाष्पाचा लांबच लांब पट्टा येतो आणि एकदोन दिवस धो धो ओततो. सोबत वादळी वारा असेल तर वीज जाते, फेरी बोटी रद्द होतात. असा इशारा असेल तर तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, मग थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

चूक तिसरी: कपडे थंडीचे, पण सुती

डिसेंबरात दुपारी ८ अंश सेल्सियस, रात्री ३ च्या आसपास. आकडे बघून वाटतं, जीन्स आणि जाड स्वेटशर्ट पुरे. पण सुती कापड पाणी पितं, हॉटेलच्या खोलीत रात्रभरात वाळत नाही, आणि ओल्या कापडातून अंगातली ऊब भराभर निघून जाते. ८ अंशांत कोरडं असलात तर मजा येते, ओलं असलात तर तासाभरात दात वाजायला लागतात. आत लोकरीचा किंवा सिंथेटिकचा थर, वर टोपीचं जलरोधक जॅकेट, ज्याच्या शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या आहेत, असं हवं. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं जॅकेट अर्ध्या तासाच्या भुरभुरीत हार मानतं. दोघांत एक छत्री, हे ऐकायला छान वाटतं, पण खाडीवरून वारा आला की छत्री उलटते आणि दोघांचाही एकेक खांदा भिजतो.

सगळ्यात महत्त्वाचे बूट. शुक्रवारी रात्री विमानतळावरून येताना माझे जाळीदार स्पोर्ट्स शूज भिजले आणि शनिवारभर मी ओल्या पायांनी चालले. चिडचिड सगळी नवऱ्यावर निघाली. आता जलरोधक बूट घालूनच विमानात बसते आणि बॅगेत मोज्यांचे दोन जादा जोड ठेवते. शहर चढउताराचं आहे आणि ओल्या पानांवरून पाय सटकतो, तेव्हा तळव्याची पकडही बघून घ्या.

तरी भिजलेच बूट, तर आतला तळवा काढून वेगळा ठेवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोनेक तासांनी बदला. हीटरला चिकटवून ठेवू नका, गोंद सुटतो. फोनच्या चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं असेल तर लगेच वायर लावू नका, आणि तांदळात पुरणं तर नकोच. तो भोकाचं तोंड खाली करून मोकळ्या हवेत ठेवा.

चूक चौथी: आकाशाची तिकिटं आधीच काढणं

स्पेस नीडल १८४ मीटर उंच. ढग खाली उतरले की वरून दिसतो तो पांढरा पडदा. सिॲटलकर ‘द माउंटन इज आउट’ असं आनंदाने म्हणतात, म्हणजे आज शहराबाहेरचा माउंट रेनियर हा बर्फाच्छादित डोंगर दिसतोय. ही बातमी व्हावी इतका तो हिवाळ्यात दुर्मीळ असतो. वेळ बांधलेलं तिकीट आठवडाभर आधी घेण्याऐवजी त्या सकाळी नीडलचा वेबकॅम बघा आणि मग ठरवा. आधी नोंदणी करावी ती ॲमेझॉन स्फिअर्सची. काचेच्या गोलांतली ती दमट, उबदार हिरवाई महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारीच सर्वांना खुली असते. तुमचा शनिवार त्यातला आहे का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासा. वीकेंडला सोमवार जोडणार असाल तर सिॲटल आर्ट म्युझियम त्या दिवशी बंद असतं, हेही ध्यानात ठेवा.

चूक पाचवी: गाडी आणि रेनियर

विमानतळावरून लिंक लाइट रेल ३ डॉलरमध्ये, सुमारे ४० मिनिटांत भर शहरात, वेस्टलेकला आणून सोडते. हॉटेलच्या पार्किंगचे पैसे भरत गाडी सांभाळण्यात अर्थ नाही. रेनियरला जायला एका बाजूने दोन-अडीच तास लागतात, म्हणजे दिवसाचा निम्मा उजेड गाडीत. शिवाय १ नोव्हेंबर ते १ मे त्या राष्ट्रीय उद्यानात प्रत्येक गाडीत टायरच्या साखळ्या असणं सक्तीचं आहे, आणि भाड्याच्या गाडीला त्या लावायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत. डोंगराकडे जायचंच असेल तर स्नोक्वाल्मी धबधबा पाऊण तासावर आहे. ८२ मीटरवरून कोसळणारं ते पाणी पावसानंतरच खरं बघावं. समोर उभं राहिल्यावर तुषार अंगावर येतात, आणि कुणालाच ते पुसावेसे वाटत नाहीत.

आणि दोघांमधलं

भिजलेली, भुकेली दोन माणसं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून ‘आता कुठे जायचं’ हे ठरवायला लागली की वाद होणारच. जेवणाची जागा सकाळीच ठरवा, शनिवारचं टेबल आधी राखून ठेवा. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली एकच गोष्ट सांगायची, जी काही झालं तरी होणार. बाकीचं सगळं पावसावर सोडायचं. एकाला संग्रहालय आणि दुसऱ्याला नुसती कॉफी हवी असेल तर दीड तास वेगळे व्हा. त्यात वाईट काही नाही, उलट भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

आणि शनिवार अगदीच हातातून निसटतोय असं वाटलं, तर तीनच्या सुमाराला कोलमन डॉक हा बोटींचा धक्का गाठा आणि बेनब्रिज बेटाची फेरी बोट पकडा. ३५ मिनिटांचा प्रवास. पायी जाणाऱ्याला तिकीट फक्त सिॲटलहून निघताना लागतं, परतीचं नाही. जाताना शेवटचा करडा उजेड मिळतो. बेटावर काहीतरी गरम घ्या आणि अंधार पडल्यावरचीच बोट धरा. आतल्या बाजूला खिडकीपाशी बसा, कारण परतताना अख्खं शहर दिवे लावून समोरून जवळ येत जातं.