इटलीत राहायला येताय? आधी गल्लीतला बार गाठा

बोलोन्यात शिकायला किंवा नोकरीला येणारी मराठी मुलं मला फोन करतात ते घरभाडं आणि राहण्याचा परवाना विचारायला. ती कामं रखडत का होईना, होतात. पण इथे मन रमणार की नाही, ते घराखालच्या बारवर ठरतं असं माझं स्पष्ट मत आहे. सामान लावून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरा आणि त्या बारमध्ये जा.

बार म्हटल्यावर बिचकू नका, इथला बार म्हणजे कॉफी प्यायचं ठिकाण. मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया, कामावर निघालेले गवंडी, पेपर वाचत बसलेले आजोबा, सगळे तिथेच भेटतात. आत पाऊल टाकताना ऐकू जाईल असं ‘बुओन्जोर्नो’ म्हणा. थेट काउंटरवर जाऊन कॉफी मागितलीत तर मिळेल, पण तुमच्याकडे कोणी मान वर करून बघणार नाही. दुपार कलली की ‘बुओनासेरा’. ‘चाओ’ फक्त मित्रमंडळींत. दुकानदार, शेजारच्या आजी, डॉक्टर यांना आपणहून चाओ म्हणू नका. काय म्हणावं सुचेना तर ‘साल्वे’ चालतं. बाहेर पडतानाही निरोप घ्यायचा. पाहुण्याने एवढं पाळलं तर आठवड्याभरात बारवाला तुमची कॉफी न विचारता लावतो.

‘उन काफ्फे’ म्हणालात की घोटभर एस्प्रेसो समोर येते. दूध थोडंसं हवं असेल तर ‘माक्कियातो’ सांगा. नुसतं ‘लात्ते’ म्हणालात तर ग्लासभर दूध मिळेल. काउंटरशी उभं राहून प्यायलात तर एस्प्रेसो साधारण सव्वा ते दीड युरोत होते. टेबलावर बसलात की दर वेगळा, आणि पियाझ्झा माज्जोरेसारख्या चौकात तो चांगलाच चढतो. दरपत्रक लावलेलं असतं, ते आधी वाचा. स्टेशनवरच्या गर्दीच्या बारमध्ये बहुतेकदा आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची. कापुच्चिनो सकाळची, सोबत ब्रिओश, म्हणजे गोड पाव. जेवणानंतर कापुच्चिनो मागितली तर देतील, पण जेवणावर दूध पचत नाही यावर इथल्या लोकांचा ठाम विश्वास आहे. पचनाचा विषय इथे फार जिव्हाळ्याचा!

घरी मात्र मोकाच हवा, म्हणजे गॅसवर कॉफी करायचं भांडं. बियालेत्ती कंपनीचा हा अष्टकोनी ॲल्युमिनियमचा मोका १९३३पासून इटलीच्या स्वयंपाकघरात आहे. खालच्या भांड्यात वाफेच्या वाल्व्हच्या खालपर्यंतच पाणी घाला. गाळणीत कॉफीची पूड काठोकाठ भरा, पण चमच्याने दाबू नका. दाबली की कॉफी कडवट होते. वरचं भांडं घट्ट फिरवून बसवा, आच अगदी मंद ठेवा आणि झाकण उघडं राहू द्या. थोड्या वेळाने मधल्या नळीतून मधासारखी तपकिरी धार येऊ लागते. ती फिकट होऊन खुळखुळायला लागायच्या आत गॅस बंद करा. ओतण्याआधी चमच्याने ढवळा, कारण आधी आलेली दाट कॉफी तळाशी असते. धुताना साबण नको, नुसतं पाणी. आणि नीट वाळल्याशिवाय पुन्हा जोडू नका. नवा मोका असेल तर पहिल्या दोन-तीन खेपांची कॉफी टाकूनच द्यायची.

आता वेळा. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन, रात्रीचं आठच्या आसपास; मधल्या काळात बऱ्याच खानावळींची चूल बंद असते. छोटी दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. तेवढ्या वेळात इमारतीत मिक्सर किंवा मोठ्याने गाणी लावू नका. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात, म्हणजे मोठ्या ‘टी’च्या पाटीखाली मिळतं. कागदी तिकीट घेतलंत तर बसमध्ये चढताच यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

भाजीला मेर्कातो देल्ले एर्बे या मंडईत जा. भाजी-फळांना हात लावायचा नाही, हा इथला कडक नियम. विक्रेत्याला सांगा, तो निवडून देतो. खरबूज मागितलं तर ‘आज खाणार की उद्या?’ असं विचारून देतो. त्याच्या निवडीवर विश्वास ठेवा. सुपरमार्केटमध्ये स्वतः घ्यायचं असतं, पण तिथे टांगलेला प्लास्टिकचा हातमोजा घालून, आणि वजनाच्या काट्यावर फळाचा नंबर दाबून चिकटपट्टी लावून.

शाकाहारी असाल तर हा परिच्छेद नीट वाचा, कारण बोलोन्या डुकराच्या मांसाचं माहेरघर आहे. तोर्तेल्लीनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणात मांस असतं आणि ते मांसाच्या रस्शात वाढतात. पारंपरिक पियादीना आणि क्रेशेंतीने या इथल्या पोळी-पावांच्या पिठात ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी असते. तेलाची मिळते का ते विचारा. परमेसान चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतं, त्यामुळे ते चालवायचं की नाही हे आधीच ठरवा. चीज, अंडं चालत असेल तर लोणी आणि सेज या सुगंधी पानांतले, रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले तोर्तेल्लोनी (मोठा भरलेला पास्ता) मागवा. मला त्याहून चांगला पदार्थ या शहरात अजून मिळालेला नाही. पाटीवर ‘वेजेतारियानो’ दिसलं तरी ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ (मांस नको, मांसाचा रस्सा नको) म्हणून स्पष्ट विचारा. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी एक-दोन युरोंची रक्कम दिसेल; ती ब्रेड आणि टेबलाची. टिप देण्याची सक्ती नाही.

कोणी घरी जेवायला बोलावलं तर ते मनापासूनचं असतं, रिकाम्या हाताने जाऊ नका. हलवायाकडे ‘पास्तिच्चीनी’ म्हणजे छोट्या गोड पदार्थांचा ट्रे मिळतो, कागदात गुंडाळून रिबीन बांधून देतात. फुलं नेणार असाल तर शेवंती मुळीच नको, ती २ नोव्हेंबरला कबरीवर वाहतात. यजमानीण बसल्याशिवाय जेवायला सुरुवात करू नका. स्पॅगेटी सुरीने कापू नका, मासळीच्या पास्त्यावर चीज मागू नका. ताटलीत उरलेला सॉस मात्र ब्रेडने निपटून खा. त्याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात आणि घरच्या जेवणात तो स्वयंपाकाचा मानच असतो. दुसऱ्यांदा वाढायला आल्या तर थोडं तरी घ्या.

आणि ऑगस्टची तयारी जुलैतच करा. १५ ऑगस्टला ‘फेर्रागोस्तो’ची मोठी सुट्टी असते आणि त्याच्या मागेपुढे शहर रिकामं होतं. दुकानांच्या दारावर ‘क्युझो पेर फेरिये’ (सुट्टीसाठी बंद) अशा चिठ्ठ्या लागतात, सरकारी कामं रेंगाळतात. अर्ज, डॉक्टरची भेट, घरातला नळ, सगळं आधी उरकून घ्या. औषधांची चिंता नको: प्रत्येक औषध दुकानाच्या दारावर त्या दिवशी सुरू असलेल्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो.