केएपी सर्व्हेची लिंक ग्रुपवर टाकण्याआधी

साथ आली की माझ्या टेबलावर केएपी सर्व्हेचे प्रस्ताव येऊन पडतात. केएपी म्हणजे नॉलेज, अ‍ॅटिट्यूड, प्रॅक्टिस; इथे मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. गूगल फॉर्म तयारच असतो, लिंक टाकायची तेवढी बाकी. जरा थांबा.

ज्ञानावर फार वेळ घालवू नका. ‘हात धुणे महत्त्वाचे आहे का?’ याला ‘नाही’ म्हणणारा मेडिकलचा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. सॅनिटायझर किती सेकंद चोळायचं ते विचारा (२० ते ३०; साबण-पाण्याने धुताना ४० ते ६०). ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवा, नाहीतर अंदाजपंचे उत्तरंही ज्ञानात जमा होतात. आणि उत्तरतालिकेवर तारीख घाला. एप्रिल २०२० मध्ये निरोगी माणसांनी सरसकट मास्क वापरावा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नव्हती. ५ जूनला सल्ला बदलला. मेमधलं बरोबर उत्तर जुलैत चुकतं.

दृष्टिकोनात ‘भीती वाटते, तरी ड्यूटी करीन’ असलं वाक्य नको. हे दोन प्रश्न आहेत. स्वतः आजारी पडण्याची भीती आणि घरी संसर्ग नेण्याची भीती, याही वेगळ्या विचारा.

खरी गोम आचरणात. ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ दिलंत की सगळे ‘नेहमी’वर टिक करून मोकळे. त्यापेक्षा विचारा, ‘मागच्या ड्यूटीत एन-९५ मास्क घातल्यावर सील तपासलं का?’ (म्हणजे कडांतून हवा निसटत नाही ना, हे.) हे प्रश्न फॉर्ममध्ये सर्वांत आधी घ्या. ज्ञानाचे प्रश्न आधी आले की ‘योग्य’ आचरण काय ते तिथेच कळतं.

जमलं तर परवानगी घेऊन पीपीई (संसर्गापासून वाचवणारा पोशाख) उतरवतात तिथे चेकलिस्ट घेऊन उभे राहा. ग्लोव्हज आधी, मास्क शेवटी, हा क्रम विचारा, घडाघडा म्हणतील. आणि त्याच ग्लोव्हजच्या बोटाने घसरलेला चष्मा वर सारतील. हे कुठल्या फॉर्ममध्ये उमटणार? अर्थात कोणी बघतंय म्हटल्यावर सगळेच नीट वागतात, म्हणून काही दिवस सलग जा, तुमची सवय होऊ दे.

नमुना ३८४ जणांचा, असं सगळे लिहितात. हा आकडा काढायचं सूत्र ठीक आहे, पण ग्रुपवरच्या लिंकला उत्सुक मंडळीच उत्तर देतात. वर्षवार हजेरीपटावरून चिठ्ठ्या काढून नावं निवडा. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, आणि फॉर्मवर रोल नंबर अजिबात नको. परीक्षक आपलेच सर असतील तर खरं कोण लिहील?