अपघातस्थळी आधी हात, मग कागद

महामार्गावरील अपघाताच्या ठिकाणी पोहोचल्यावर जखमीकडे धावण्याचा मोह आवरून आधी रहदारी, सांडलेले इंधन आणि तुटलेल्या विजेच्या तारा यांकडे पाहावे, कारण मदतनीसच जखमी झाला तर रुग्ण एकाने वाढतो. गाडी आडवी लावून जागा सुरक्षित करावी, १०८ ला कळवावे आणि हातमोजे चढवावेत.

रक्त धारेने वाहत असेल तर ते प्रथम थांबवावे. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. कापड भिजले तरी ते उचलून न पाहता त्यावरच दुसरे ठेवावे. हातापायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल आणि प्रशिक्षण झालेले असेल, तरच टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखण्यासाठी आवळायचा पट्टा) जखमेच्या वर, सांधा टाळून बांधावे व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाच्या बाबतीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. अनेकजण इथेच फसतात व मोलाची मिनिटे गमावतात. मानेला इजा झाल्याची शंका असल्यास डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. जमलेल्या गर्दीतून कोणीतरी पाण्याची बाटली पुढे करतोच. ती नम्रपणे परत करावी, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकते.

संमतीचा प्रश्न कायद्याइतकाच सभ्यतेचाही आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ व्यक्तीस आपण कोण आहोत आणि काय करणार आहोत हे सांगून विचारावे. तिने नकार दिला तर धोका सोप्या शब्दांत समजावून सांगावा, आणि तरीही नकार कायम राहिल्यास तो तिच्याच शब्दांत लिहून साक्षीदाराची सही घ्यावी. मात्र डोक्याला मार बसलेल्या किंवा दारूच्या अमलाखालील माणसाचा नकार समजून-उमजून दिलेला आहे असे लगेच गृहीत धरू नये. रुग्ण बेशुद्ध असेल, किंवा मूल असून त्याच्या पालकांची संमती वेळेत मिळणे शक्य नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते.

रस्ते अपघातात स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. २०२० च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. मात्र पगारी रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने ‘मला हेच कलम वाचवील’ अशा भ्रमात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची खरी ढाल म्हणजे प्रशिक्षणाच्या मर्यादेत राहून केलेले काम आणि त्याची चोख नोंद. रुग्णालयाकडे पाहता, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवता येत नाहीत. दारात अडवणूक झाल्यास हे शांतपणे सांगावे.

नोंदीत निरोप मिळाल्याची, पोहोचल्याची, प्रत्येक उपचाराची आणि रुग्ण सोपवल्याची वेळ असावी. ‘दारू प्यायला होता’ असा निष्कर्ष न लिहिता ‘तोंडाला दारूचा वास येत होता’ असे निरीक्षण लिहावे. चुकलेला शब्द गिरवून न झाकता त्यावर एक रेघ मारून सही करावी. मारहाणीचा संशय असेल तर कपडे कापताना भोसकल्याचे छिद्र टाळावे आणि कपडे फेकून देऊ नयेत. अंगावरील दागिने व पैसे यांची यादी करून ते रुग्णालयात सोपवताना पोच घ्यावी. मृत्यू झाल्याचे घोषित करणे हे डॉक्टरचे काम असल्याने नातेवाइकांना तसे आपण सांगू नये, आणि जखमीचे छायाचित्र मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नये.