उन्हाळ्यातल्या गोचिडी: कुत्रा, मांजर, पोरं आणि घर, सगळ्यांचा बंदोबस्त

उन्हं तापायला लागली की कुत्रा पाळणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं, अंघोळ घातली, पावडर मारली, तासभर बसून एकेक वेचून काढली आणि आठ-पंधरा दिवसांत कानात परत गोचिडी. मग शाम्पू बदला, पावडर बदला, कोणी सांगितलं म्हणून कसलं तरी तेल चोळा. पण शाम्पूचा तसा फारसा दोष नसतो हो. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या गादीच्या शिवणीत, सोफ्याखाली नाहीतर पडद्याच्या घडीत दबा धरून बसलेल्या असतात आणि तिथे तुमचा शाम्पू पोचतच नाही.

हे कसं होतं ते एकदा समजून घ्या. गोचीड म्हणजे कोळी-विंचवाच्या कुळातला जीव, अंड्यातून बाहेर येते तेव्हा सहा पाय आणि लांबी मिलिमीटरभरही नाही, पुढे आठ पाय होतात. प्रत्येक टप्प्यावर तिला एकदा पोटभर रक्त लागतं, ते पिऊन झालं की अंगावरून खाली पडायचं, कुठल्यातरी फटीत शिरायचं, कात टाकायची आणि परत कुत्रा शोधत निघायचं. कुत्र्यावर नेहमी सापडते ती तपकिरी गोचीड तर अख्खं आयुष्य घरातच काढू शकते, तिला बाग नको की गवत नको. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म झालेली मादी गळून पडते, भेगेत जाऊन हजारांनी अंडी घालते आणि मरते. हवा गरम असली की हे चक्र दोनेक महिन्यांत पूर्ण होतं आणि रक्त न मिळालेली मोठी गोचीड कित्येक महिने उपाशी तग धरते, त्यामुळे दोन आठवडे औषध करून 'गेल्या एकदाच्या' म्हणत थांबलात की सगळं पहिल्यापासून. निदान तीन-चार महिने सलग लावून धरायची तयारी ठेवा आणि जिथे हवा बाराही महिने गरम असते तिथे औषधही बाराही महिने.

सुरुवात कुत्र्यापासून करा, घरापासून नाही. बरेच जण उलटं करतात, कुत्र्याला आठवडाभर दुसऱ्याकडे ठेवतात आणि घरात फवारणी करतात. त्यापेक्षा औषध दिलेला कुत्रा घरातच फिरू द्या, भेगेतल्या उपाशी गोचिडी त्याच्या वासावर बाहेर येतात, त्याच्या अंगावर चढतात आणि मरतात. म्हणजे घर साफ करायला तोच तुमचा सगळ्यात मोठा मदतनीस. फवारणीच्या दिवशी तेवढं बाहेर ठेवायचं, ते पुढे सांगतो.

औषधं साधारण तीन प्रकारची मिळतात. एक म्हणजे खायची चघळगोळी, अफॉक्सोलनर, सॅरोलनर, लोटिलनर ही महिन्याला एक आणि फ्लुरालनर साधारण १२ आठवड्यांना एक. दुसरं मानेवर खांद्याच्या हाडांच्या मधोमध केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे थेंब, यात फिप्रोनिल जास्त चालतं. थेंब सोडायच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नको, नाहीतर पैसे पाण्यात. तिसरा पट्टा, चांगल्या पट्ट्यांचा असर काही महिने टिकतो पण तो नीट घट्ट हवा, पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जातील इतपत. माझं मत विचाराल तर घरात खूपच झाल्या असतील तेव्हा चघळगोळी, कारण ती धुऊन जात नाही आणि पोरं कुत्र्याला मिठ्या मारतात त्यांच्या हाताला काही लागत नाही. फक्त एक लक्षात घ्या, गोळीचं औषध रक्तातून काम करतं, म्हणजे गोचीड चावल्यावर मरते, त्यामुळे गोळी दिल्यावरही काही दिवस अंगावर जिवंत गोचीड दिसली तर लगेच औषध नकली म्हणून बोंब मारू नका.

मात्रा वजनावर ठरते म्हणून आधी वजन करा, अंदाजे नको. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यातली बरीचशी औषधं चालत नाहीत. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या चघळगोळ्यांच्या गटाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये झटके येऊ शकतात असा इशारा दिलाय. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही पण ज्यांना फिटचा त्रास आहे त्यांचं वेगळं.

आता मांजरवाल्यांनी हे नीट वाचा. कुत्र्याचं औषध मांजराला कधीच नाही, अर्धं करून नाही, थोडंसं म्हणूनही नाही. कुत्र्याच्या कित्येक थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं आणि मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही, अंग थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला असे थेंब लावले असतील तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्या कुशीत झोपणार नाही किंवा त्याला चाटणार नाही हे बघा. चुकून लागलंच तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने धुवा आणि तसंच उचलून दवाखान्यात. अमिट्राझवाली औषधंसुद्धा मांजरापासून लांब. आणि घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याला नाही.

घरगुती उपायांबद्दल एकदाच बोलून मोकळा होतो. रॉकेल नको, कातडी भाजते आणि चाटलं की पोटात जातं. लसूण खाऊ घातल्याने गोचिडी पळत नाहीत, उलट कुत्र्यामांजराच्या तांबड्या पेशी खराब होतात. टी ट्री ऑइल वासाला छान पण प्राण्यांना विषारी.

काढायची पद्धत. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करा, गोचिडीचं फुगलेलं पोट न धरता कातडीला अगदी लागून तिचं तोंड पकडा आणि सरळ वर, एकसारखा जोर लावून ओढा. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी यातलं काहीही नको, या सगळ्याची वाट बघण्यात ती जास्त वेळ चिकटून राहते आणि डिवचली गेली की तोंडातला ऐवज जखमेत सोडते, जो तुम्हाला नकोच असतो. तोंडाचा तुकडा आत राहिला तर चिमट्याने सहज निघत असेल तरच काढा, नाहीतर सोडून द्या, कातडी आपोआप बाहेर ढकलते, उगाच सुईने उकरून जखम करू नका. मग साबण-पाण्याने नाहीतर स्पिरिटने जागा पुसा, हात धुवा. काढलेली गोचीड नखाने फोडू नका, चपलेखालीही नको, स्पिरिटच्या बाटलीत टाका किंवा सेलोटेपमध्ये गुंडाळून फेका. भिंतीवर चढताना दिसली तरी तेच, टेप चिकटवा आणि उचला.

कुठे शोधायच्या? कुत्र्याच्या कानाच्या आत आणि मागे, पापण्यांजवळ, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, मागच्या पायांच्या मधे, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांच्या बेचक्यात, ही शेवटची जागा सगळेच विसरतात. डोळ्याने बघण्यापेक्षा बोटं उलट्या केसांतून फिरवा, बारीक गाठ लागली की थांबा. मात्र प्रत्येक गाठ गोचीड नसते, चामखीळ किंवा स्तनाग्र ओढत बसाल, म्हणून आधी पाय दिसतात का बघा. रोज फिरून आल्यावर पाच मिनिटं, एवढं केलं तरी पुष्कळ.

माणसांचं म्हणाल तर गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. ती गवताच्या पात्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला त्या पायांवरच्या इंद्रियाने कळते, आपण घासून गेलो की चढते आणि वर वर सरकत जाते. म्हणून उंच गवतात जायचं असेल तर फुल पॅन्ट, पायाची बाजू मोज्यात खोचलेली, रंग फिका म्हणजे चढताना दिसते, आणि चालायचं वाटेच्या मधून. उघड्या अंगाला गोचिडी लांब ठेवणारं, डीट किंवा पिकॅरिडिन असलेलं क्रीम किंवा स्प्रे, सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट नको, लहान पोरांच्या हातांना आणि डोळ्यांजवळ नको. परमेथ्रिन कपड्यांना आणि बुटांना मारतात, कातडीला नाही. घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ आणि तेव्हाच पोरांची तपासणी, केसांत, कानामागे, बगलेत, बेंबीत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्यामागे आणि जांघेत. चावताना दुखत नाही कारण तिच्या लाळेतच बधिर करणारं द्रव्य असतं, त्यामुळे 'काही चावलं का रे' असं विचारून उपयोग नाही, बघावंच लागतं. कपडे थंड पाण्यात धुऊन मरत नाहीत, ड्रायर असेल तर कोरडे कपडे जास्त तापमानावर १० मिनिटं फिरवा, नाहीतर कपड्याला झेपेल तेवढं कडकडीत पाणी.

आणि 'आमच्या घरातली कुत्र्याची गोचीड आहे, माणसाला नाही चावत' यावर फार विसंबू नका. ती कुत्रा जास्त पसंत करते हे खरं, पण प्रयोगांत असं दिसलंय की तापमान ३८ अंशांच्या घरात गेलं की तीच गोचीड माणसाकडे वळायचं प्रमाण वाढतं. म्हणजे नेमकं कडक उन्हाळ्यातच.

घराचं काम कंटाळवाणं आहे पण करायलाच लागतं. व्हॅक्यूम असेल तर सुरुवातीचे काही आठवडे रोज, भिंत आणि फरशीच्या सांध्यात, पलंगाखाली, गादीच्या शिवणींत, आणि आतला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला ५५-६० अंशांच्या गरम पाण्यात. भिंतीच्या भेगा पुट्टीने बुजवा, वरपर्यंत बघा बरं का, ही गोचीड वर चढते, छताच्या कोपऱ्यात आणि पडद्याच्या रॉडपाशी सापडते. पेस्ट कंट्रोल बोलावलंत तर गोचिडींसाठी हवंय असं स्पष्ट सांगा, नुसती फरशीवर फवारणी काही कामाची नाही, फटींमध्ये जायला पाहिजे, आणि अंड्यांवर औषधाचा असर होत नाही म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरा हात. वाळेपर्यंत पोरं, कुत्रा, मांजर बाहेर, माशांची टाकी झाकून पंप बंद, कारण या औषधांनी मासे पटापट मरतात. अंगण असेल तर गवत कापलेलं, पालापाचोळ्याचे ढीग नको, आणि झुडपं आणि पोरांच्या खेळायच्या जागेमधे मीटरभर रुंद खडीचा पट्टा टाका, कोरडी तापलेली जागा ओलांडणं गोचिडीला जड जातं. उंदरांचाही बंदोबस्त करा, बऱ्याच जातींच्या गोचिडी लहान असताना उंदरांवरच पोसतात.

एवढं करूनही कुत्रा मलूल झाला, खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर वाट बघू नका, गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया नाहीतर बॅबेसिया असू शकतो, लोक ज्याला सरसकट टिक फिव्हर म्हणतात तो. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट कमी आल्या की डॉक्टर पुढची टेस्ट सांगतील. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात, दोन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागला तरी कोर्स अर्धवट सोडायचा नाही. बॅबेसियाचं औषध वेगळं, म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका.

माणसाच्या अंगावरून गोचीड काढली की तारीख लिहून ठेवा, मोबाईलवर तिचा फोटो काढा. लाईम आजाराचे जंतू अंगात जायला ती साधारण २४ तासांपेक्षा जास्त चिकटलेली असावी लागते, पण गोचिडीमुळे होणाऱ्या इतर काही आजारांना तेवढा वेळ लागत नाही, म्हणून दिसली की लगेच काढायची, 'सकाळी बघू' नाही. पुढच्या महिनाभरात ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी, पुरळ किंवा चावल्याच्या जागेभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावली होती हे स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका, कारण ताप म्हटलं की त्यांच्या डोक्यात आधी दहा दुसऱ्या गोष्टी येतात.