सांगलीत नव्या घरात राहायला येताना
सांगलीत घर घेण्यापूर्वी, ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी त्या गल्लीत कुठवर चढले होते, हे शेजारच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून विचारावे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे दोन आकडे, माझ्या मते, घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खरेदीखत, शिधापत्रिका आणि बाळाचे लसीकरणाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावे. मिळकत पत्रिकेवर व घरपट्टीवर नाव लावण्याचा अर्ज लगेच करावा. पावसाळ्यात लहान मुलांना पाणी गाळून, उकळूनच द्यावे. यात हयगय नको. पूर आल्यास उंचावरच्या कोणत्या नातेवाइकांकडे जायचे, हे जून संपण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठरवावे.